अँडीजमध्ये गाडी ओढत नाही, पुढे रस्ता बंद: आधी काय तपासायचं

पेरू-बोलिव्हियात दुचाकीवर फिरणाऱ्यांचे कुस्को, ला पाझ, उयुनी या पट्ट्यातून येणारे निरोप जवळपास एकाच साच्याचे असतात. "गाडी चौथ्या गिअरला ओढत नाही, प्लग काळा पडलाय, पुढे ब्लोकेओ (रास्ता रोको) आहे म्हणतात. काय करू?" तिन्ही गोष्टी एका दमात विचारलेल्या असतात, कारण तिन्ही एकाच दिवशी समोर आलेल्या असतात. उत्तर देणारे मात्र कार्बोरेटरच्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, नंबरावर वाद घालत बसतात.

माझं मत असं, की अँडीजमध्ये अडकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच मुळात बिघडलेल्या नसतात. ४,००० मीटरवर गाडी जशी चालायला हवी तशीच ती चालत असते. मालकाला ते पटत नाही, तो भर माळावर टाकी उतरवतो, एखादा स्क्रू वाऱ्याने धुळीत जातो आणि तिथून पुढे खरा बिघाड सुरू होतो. त्यामुळे पहिला नियम: गाडी रडतखडत का होईना चालतेय, तोवर ती वस्तीच्या बाहेर उघडायची नाही. हाच नियम रस्ता बंद असतानाही लागू आहे. अडकायचंच असेल तर पंप, खाणावळ आणि पलंग असलेल्या गावात अडकायचं.

चढावर ताकद गेली

४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के उरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे एकतृतीयांशाहून जास्त कमी होते. पेरूमध्ये लीमाहून निघणाऱ्या कारेतेरा सेंत्राल या महामार्गावरची तिक्लिओ खिंड ४,८१८ मीटरवर आहे आणि अरेकिपा ते चिवाय रस्त्यावरचा पातापाम्पा ४,९१० मीटरवर. तिथे २४ बीएचपीची गाडी १४-१५ बीएचपीचीच उरते. वर दोन बॉक्स, एक टॉप बॉक्स आणि मागे बसलेलं माणूस. चौथ्या गिअरला ओढत नाही याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. तिसऱ्या-दुसऱ्यात घ्या, आरपीएम वर ठेवा, घाई सोडा.

लडाख केलेल्यांचा इथे हमखास अंदाज चुकतो. खार्दुंग ला चढला की त्याच दिवशी तुम्ही पुन्हा खाली उतरता, इंजिनाला शिक्षा तासा-दोन तासांची. आल्तिप्लानोवर, म्हणजे अँडीजमधल्या उंच पठारावर, पुनो, ओरुरो, उयुनी ही मुक्कामाची गावंच ३,६०० ते ३,८५० मीटरच्या दरम्यान आहेत. पंधरा-पंधरा दिवस तुम्ही खाली उतरतच नाही.

इंजेक्शनवाल्या गाडीला याचा फार त्रास होत नाही. हवेचा दाब मोजून ती पेट्रोल आपोआप कमी करते. पण काही गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बाहेरचा दाब फक्त चावी फिरवताना वाचतो. सलग दोन हजार मीटर चढून आल्यावर अशी गाडी गुदमरायला लागली, तर बाजूला घ्या, चावी पूर्ण बंद करा, दहा-वीस सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. हे करून पाहण्याआधी सेन्सर बदलायच्या गप्पा नकोत.

कार्बोरेटरवाल्यांचं प्रकरण वेगळं. हवा पातळ झाली तरी जेटमधून पेट्रोल तेवढंच येतं. मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, गाडी आयडलला बंद पडते, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. प्लग काढून उजेडात धरा. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल आणि बोटाने पुसली जात असेल, तर मिश्रण जाड आहे, बाकी काही नाही. काजळी तेलकट आणि चिकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्या. टोक पांढरं पडलं असेल तर मात्र गाडी गरजेपेक्षा पातळ मिश्रणावर चालतेय आणि ते जास्त धोक्याचं.

उपाय याच क्रमाने करा. आधी एअर फिल्टर काढून झटका. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात, कारण समोरच्या ट्रकची सगळी धूळ तुमच्या फिल्टरमध्ये बसलेली असते. मग नीडलची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या सुईची, क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे नीडल खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं. त्यानेही भागलं नाही तर एक-दोन नंबर लहान मेन जेट. आयडलचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत फिरवला की मिश्रण पातळ होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर फिरवला की पातळ. उलटं फिरवून "काही फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आणि खाली उतरताना सगळं पूर्ववत करायचं. तिक्लिओहून लीमा सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. सकाळी ४,८१८ मीटर, दुपारी समुद्र. वरचं लहान जेट तसंच ठेवून उष्ण किनाऱ्यावर गाडी पळवली तर पिस्टन जाईल. मला विचाराल तर चार-पाच दिवसांच्या चढाईसाठी जेटला हातच लावू नये. काजळी धरली की प्लग पुसायचा आणि पुढे जायचं. महिनाभर वरच राहणार असाल तर बदला. जाड मिश्रणावर आठवडेच्या आठवडे चाललेल्या गाडीचं इंजिन ऑइलही हुंगून पाहा. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर किलोमीटर न मोजता तेल बदलून टाका.

क्लच

खऱ्या बिघाडांत वरचा नंबर क्लचचा, आणि तो ताकदीच्या तक्रारीतूनच जन्माला येतो. वळणावर गाडी दम टाकते, चालवणारा अर्धा क्लच दाबून आरपीएम वर ठेवतो, दिवसभरात शंभर वळणं होतात आणि प्लेटी जळतात. निघण्याआधी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एका दाताने लहान टाका, १५ असेल तर १४. सपाटीवर थोडं पेट्रोल जास्त जाईल, जाऊ दे. अँडीजच्या घाटात एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

थंडी, रेडिएटर, मीठ

जून-जुलैमध्ये उयुनीच्या बाजूला रात्री पारा शून्याखाली दहा अंश आणि त्याहूनही खाली जातो. सकाळी सेल्फ नुसता कण्हतो. लगेच मारत बसू नका, बॅटरी तेवढ्यात संपते. गाडी उन्हात काढा, तासभर थांबा. होस्तालच्या (छोट्या लॉजच्या) अंगणात रात्री गाडी आत घेऊ द्या म्हणून आधीच विचारायचं, बहुतेक जण घेऊ देतात. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर वर चढण्याआधीच नवी घाला.

वर थंडी असूनही कुलंट उकळतं, हे अनेकांना पटत नाही. ४,००० मीटरवर उघडं पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून एरवी भागतं. झाकणाचं रबर थकलेलं असेल तर मुंबई-पुण्यात ते कधीच उघडकीला येत नाही, इथे येतं. पंखा आणि थर्मोस्टॅट खोलण्याआधी झाकण बदला.

सालार दे उयुनी या मिठाच्या अफाट मैदानाबद्दल थोडक्यात: पाणी साचलेलं असताना, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, स्वतःची गाडी आत घालू नका. आरशासारखा फोटो जीपमधून उतरूनही निघतो. खारं पाणी वायरिंगच्या जोडांत शिरतं, रेडिएटरच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भलत्याच ठिकाणी, दगा देते. कोरड्या मोसमात गेलात तरी त्याच संध्याकाळी गावात येऊन खालून नीट धुऊन घ्या.

पेट्रोल

पेरूमध्ये पंपाला ग्रिफो म्हणतात आणि पेट्रोल गॅलनवर विकतात, ३.७८५ लिटरचा एक. दर पाहून दचकू नका. हलक्या ऑक्टेनची, म्हणजे साध्या पेट्रोलची, काळजी वर फारशी नको. पातळ हवेत सिलिंडरमधला दाबच कमी असतो, त्यामुळे किनाऱ्यावर ज्या पेट्रोलने इंजिन ठोकेल ते पुनोत निमूट चालतं. खाली उतरायच्या आधीच्या टाकीला मात्र चांगलं भरा.

बोलिव्हियाचा मामला अवघड आहे. तिथे परदेशी नंबरप्लेटला वर्षानुवर्षं वेगळा, चढा दर लागत आला. २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई सुरू झाली आणि तिच्या मागोमाग पंपांवरच्या रांगा आल्या. कॅनमध्ये पेट्रोल द्यायलाही बंधनं आहेत. नियम बदलत राहतात, तेव्हा सीमेवर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला थांबवून ताजी हकीकत विचारा. टाकी अर्धी झाली की भरायची. अर्धी म्हणजे अर्धीच, रिझर्व्हची वाट पाहायची नाही.

उयुनीच्या दक्षिणेला लगुनांच्या, म्हणजे डोंगरातल्या तळ्यांच्या, वाटेवर पेट्रोल मिळालं तरी दुकानातल्या पिंपातून मिळतं. सुती फडक्यातून किंवा जुन्या मोज्यातून गाळून घ्या आणि शेवटचा ग्लासभर पिंपातच राहू द्या, पाणी आणि गाळ तळाला असतो.

खडखडाट

याच वाटेवर रस्त्याला आडव्या लाटा पडलेल्या असतात. तिकडे कालामिना म्हणतात. दोन दिवसांत नट-बोल्ट ढिले, बॉक्सच्या फ्रेमला तडा. रोज संध्याकाळी हाताने एकेक बोल्ट चाचपायचा, ज्याचे आटे गेलेत त्याला तात्पुरती तार बांधायची. वेल्डिंग मारणारा कुठल्याही तालुक्याएवढ्या गावात मिळतो. सोल्दादुरा एवढा शब्द पुरे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर स्वतःच्या हाताने काढा, इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयूचा कनेक्टरही. समोरचा "गरज नाही" म्हणेल, तरी काढा.

सुटे भाग: तोरितो शोधा

इथे आपल्याला एक फायदा आहे. पेरूच्या गावागावांत धावणाऱ्या तीनचाकी मोटोटॅक्सींत बजाजच्या रिक्षा भरपूर आहेत, लोक त्यांना तोरितो म्हणतात. तशा रिक्षा वाळूजला बनतात. पल्सर कोलंबियापासून खालपर्यंत सर्रास दिसते. म्हणजे जुलियाकासारख्या गावात तुमच्या युरोपियन गाडीचं नाव कोणी ऐकलेलं नसलं, तरी पल्सरचा क्लच वायर, रिले, फ्यूज, बल्ब आणि हे सगळं डोळे मिटून बसवणारा मेकॅनिक नक्की असतो. क्लच वायरची लांबी जुळत नसेल तर तो तिथल्या तिथे नवी गुंडी बसवून देतो. मोटोटॅक्सींची रांग जिथे दुरुस्तीला उभी असते तिथेच जा, चकचकीत शोरूमकडे नंतर.

चाकाचं बेअरिंग गेलं तर गाडीच्या मॉडेलचं नाव घेऊन वणवण करू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, ६२०३ किंवा ६००४ असा. तो जगभर एकच. ऑइल सीलवर मापं असतात. दोन्ही हातात धरून बेअरिंगच्या दुकानात जायचं.

जे खरंच मिळत नाही ते परदेशातून कुरिअरने मागवण्याआधी त्याच देशाच्या राजधानीत विचारा. एनकोमिएन्दा, म्हणजे प्रवासी बसने पार्सल पाठवायची सोय, तिथे इतकी रुळलेली आहे की लीमाहून निघालेलं पार्सल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्या गावच्या बस स्थानकावर येतं. परदेशी कुरिअर कस्टममध्ये किती दिवस बसेल ते सांगवत नाही. गाडी हलतच नसेल तर त्याच बसच्या पोटात किंवा भाजीच्या ट्रकमध्ये चढवून मोठ्या शहरात नेता येते. पेट्रोल काढून टाका, बॅटरी सोडवा आणि दोऱ्या स्वतः आवळा.

रास्ता रोको

ऊस आंदोलनात कोल्हापूर-सांगलीकडे अडकलेल्याला हा प्रकार नवा नाही. पण आपल्याकडे सहसा संध्याकाळपर्यंत रस्ता सुटतो, अँडीजमध्ये आठवडे जातात. इक्वादोरमध्ये जून २०२२ चं आंदोलन १८ दिवस चाललं. पेरूमध्ये ७ डिसेंबर २०२२ ला पेद्रो कास्तियो यांना अध्यक्षपदावरून हटवलं आणि दक्षिणेकडचे रस्ते पुढच्या वर्षात कितीतरी आठवडे बंद-चालू होत राहिले; जुलियाकात ९ जानेवारी २०२३ ला गोळीबारात माणसं मेली आणि त्याच महिन्यात माचू पिचूही बंद करावं लागलं. अर्जेंटिनाच्या हुहुय प्रांतात जून २०२३ ला पुर्मामार्काचा फाटा अडला, म्हणजे चिलीकडे जाणारी हामा खिंडीची वाटच तुटली. बोलिव्हियात २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माजी अध्यक्ष एवो मोरालेस यांच्या समर्थकांनी कोचाबाम्बाच्या आसपास २४ दिवस रस्ते धरले. हे रस्ते मोजकेच आहेत, एक तुटला की वळसा दोन-तीनशे किलोमीटरचा पडतो. म्हणून तर ते अडवतात.

आधी माहिती. बोलिव्हियाचं रस्ते प्रशासन, म्हणजे आबेसे, आणि पेरूची सुत्रान, दोघांचे बंद रस्त्यांचे नकाशे रोज बदलतात. सकाळी ते पाहायचे. पण त्याहून खरी बातमी बस स्थानकावर. तिकीट खिडकीवर विचारा, आजची बस गेली का? बस गेली नसेल तर तुम्हीही जाऊ नका. "आम्ही दुचाकीवर आहोत, कडेने निघू" हा विचार मोडून काढा.

तरीही वाटेत गाठ पडलीच, तर चित्र साधारण असं असतं. रस्त्यावर दगडांची रांग, मागे आडवा लावलेला ट्रक, कडेला धुमसणारे टायर. घोंगड्या पांघरून बसलेल्या बायका, एका मोठ्या पातेल्यात सूप, पुरुषांच्या गालात कोकाच्या पानांचा तोबरा. बहुतेक जण कंटाळलेले असतात, चिडलेले थोडे. शंभर मीटर अलीकडे इंजिन बंद करा. हेल्मेट काढा, तोंड दिसू द्या, चालत जा. "बुएनोस दियास, कोम्पान्येरोस" म्हणा आणि तिथला दिरिहेन्ते, म्हणजे म्होरक्या, कोण ते विचारा. बाकीच्यांशी वाद घालून काही होत नाही, निर्णय त्याचाच. तुम्ही कोण, कुठून आलात, हे सांगा. भारतातून इथवर गाडीवर आलेला माणूस पाहून बऱ्याचदा गप्पा सुरू होतात. फोन खिशात ठेवा, फोटो नको, हेल्मेटवरचा कॅमेरा उतरवून बॅगेत, ड्रोनचं तर नावही काढू नका. पैसे स्वतःहून पुढे करू नका. पाव, कोकाची पानं किंवा थंड पेयाची मोठी बाटली चालते.

कधी ते म्हणतात, गाडी बंद करून ढकलत न्या. तसंच न्यायचं, पलीकडे पोचल्यावरही शे-दोनशे मीटर ढकलत. माणसांच्या नजरेसमोर सेल्फ मारून धूर सोडत निघून जाणं म्हणजे मागून येणाऱ्या पुढच्या प्रवाशाची वाट बंद करणं. कधी सांगतात, संध्याकाळी क्वार्तो इंतेर्मेदियो आहे. म्हणजे आंदोलन तात्पुरतं थांबवून वाहनं सोडतात. वेळ विचारून घ्या आणि तासभर आधीच रांगेत उभे राहा. आणि "नाही" म्हणाले तर मागे फिरा. दारू प्यायलेला जमाव, अंधार किंवा जवळ पोलीस जमलेले, यांपैकी एक जरी दिसलं तरी विचारायलाही थांबू नका.

दगडांची रांग तोडून घुसणाऱ्या ट्रकच्या मागे लागून निसटायचा मोह होतो. ट्रक जातो, मागच्या दुचाकीवर दगड पडतात. शेतातून कडेची वाट दाखवणारा पोरगा भेटला तर तीही दिवसाउजेडीच, आणि मध्ये ओढा किती खोल ते विचारूनच.

रस्ता सुटल्यावरचे पहिले दोन दिवस पंक्चरचे. अणकुचीदार खिळे टाकलेले असतात, त्यांना मिगेलितो म्हणतात. त्याहून त्रास जळालेल्या टायरच्या तारांचा. टायर जळून जातो आणि केसाएवढी पोलादी तार डांबरावर उरते. ती आत शिरते, बाहेरून दिसत नाही, ट्यूब बदलली की नवीही जाते. म्हणून ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे, पक्कडीने ओढून काढा. उघड्या बोटाने चाचपू नका.

दरडींचं गणित त्या मानाने सोपं. पेरूमध्ये डिसेंबर ते मार्च-एप्रिल वाइको, म्हणजे चिखलाचा लोंढा, दुपारच्या पावसानंतर येतो. लवकर निघा, दुपारी मुक्कामाला पोचा. कोलंबियात जानेवारी २०२३ मध्ये रोसासजवळ डोंगरच पानामेरिकाना महामार्गावर आला. तिथे ढकलत नेण्यासारखं काही नसतं, वळसा घ्यायचा.

गाडीचा परवाना

बिघाड आणि बंद यांच्या नादात एक तारीख विसरली जाते. गाडीला सीमेवर मिळालेल्या तात्पुरत्या आयात परवान्याची. पेरू आणि बोलिव्हियात त्याची मुदत साधारण ९० दिवसांची असते आणि तुमच्या व्हिसाच्या मुदतीशी जोडलेली असू शकते. ती उलटली की गाडी जप्त होऊ शकते, मग ती गॅरेजमध्ये उघडी पडलेली का असेना. दुरुस्ती लांबतेय किंवा रस्ता सुटत नाहीये असं दिसलं, की मुदत संपण्याआधी आदुआनाच्या, म्हणजे कस्टमच्या, कार्यालयात जाऊन मुदतवाढीचा अर्ज द्या. सोबत गॅरेजची सही-शिक्क्याची चिठ्ठी किंवा रस्ता बंद असल्याची सरकारी सूचना छापून न्या. मुदत संपल्यावर हेच कागद नेले तर उपयोग होत नाही. अर्जाची पोच मागून घ्या आणि ती कागदावरच ठेवा, डोंगरातल्या चौकीवर फोनला नेट मिळेलच असं नाही.